पाणवठ्यावरची सभा

बाळांनो, डोंगराखालच्या एका रानात एक सशीण आपल्या तीन पिल्लांना घेऊन राहत असे. पिल्लं अजून इवलीशी होती, म्हणून तिचा जीव सारखा खालीवर व्हायचा. पान हललं तरी ती पिल्लांना पोटाशी ओढायची. त्या रानात एकच तळं होतं. त्याचा एक काठ उथळ, तिथे सगळ्यांची पिल्लं पाणी प्यायची. समोरचा काठ खोल आणि झुडपांनी भरलेला, आणि त्या झुडपांत कोल्ह्याचं बीळ होतं.

रानातले निर्णय वडाखालच्या सभेत व्हायचे. म्हातारं कासव सभेचं अध्यक्ष होतं आणि दवंडी कोल्हा द्यायचा. निम्मे प्राणी हजर असले तरच सभा भरली म्हणायची, असा नियम होता. नाही भरली तर ती दुसऱ्या दिवशी घ्यायची, आणि त्या दिवशी मात्र जे येतील ते ठरवतील. कोल्ह्याने हे बरोबर हेरलं होतं. तो सभा नेमकी दिवस मावळताना ठेवायचा, कारण तेव्हा सगळ्या आया पिल्लांना घेऊन पाण्यावर असायच्या. "तुम्ही कशाला येता वहिनी, पोरांचं बघा," असं तो घरोघर गोड बोलून सांगायचा. आयांनाही ते बरंच वाटायचं.

एकदा सभेपुढे विषय आला, की उथळ काठ रानडुकराला लोळायला देऊन टाकावा. सशिणीच्या कानावर हे गेलं तशी तिची झोप उडाली. तो काठ गेला तर पिल्लांना कोल्ह्याच्या दारातून पाण्याला न्यावं लागणार होतं. सभेच्या दिवशी ती तिन्ही पिल्लांना घेऊन तडक वडाखाली आली. तिथे कासव, कोल्हा, रानडुक्कर आणि कोल्ह्याचे दोन-चार सोयरे, एवढेच बसलेले.

रानडुक्कर म्हणालं, "सभा आहे ही, बारसं नव्हे."

कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आज काही सभा भरत नाही, उद्या घेऊ, असं सुचवलं.

सशिणीने पिल्लांना पोटाशी ओढलं आणि विचारलं, "आजोबा, सभा वडाखालीच घ्यावी असा नियम आहे का?"

कासवाने बराच वेळ आठवून पाहिलं. "तसा नियम नाही, पोरी. निम्मे जण हवेत, एवढाच आहे."

"मग पाण्यावर चला. निम्म्याहून जास्त आत्ता तिथेच आहेत."

कोल्हा नको नको म्हणत राहिला, पण कासव चालायलाही लागलं होतं. तळं जवळच होतं. काठावर हरिणी होत्या, वानरी होत्या, साळिंदरं, मुंगसं, सगळ्या लेकुरवाळ्या. सभा भरली. कासवाने विषय सांगितला, तेव्हा एका हरिणीने विचारलं की मग आमच्या पिल्लांनी पाणी कुठे प्यायचं.

"पलीकडच्या काठावर," कोल्हा म्हणाला. "मी आहे ना तिथे, लक्ष ठेवीन."

एक वानरी पोराच्या डोक्यातून हात न काढता म्हणाली, "त्याचीच तर भीती आहे, भाऊजी."

सगळा काठ हसला. मतं घेतली तेव्हा रानडुकराच्या बाजूने कोल्हा आणि त्याचे सोयरेच काय ते निघाले. विषय नामंजूर झाला, आणि यापुढे सभा पाण्यावरच भरेल असंही आयांनी तिथल्या तिथे मंजूर करून घेतलं. एवढ्या गडबडीत सशिणीच्या पिल्लांचं पाणी प्यायचं राहूनच गेलं होतं. तिने तिघांना पुढे केलं.

तात्पर्य : जिथे आपल्या लेकरांचं काही ठरतं, तिथे लेकरं कडेवर घेऊन जावं, पण जावं, दुसऱ्याच्या गोड बोलण्यावर ते सोडू नये.