महाराजांच्या पाठीवर पाच दारं

"आठ दिवसांत सव्वाशे दारं! एक जरी कमी पडलं, तर कोठडीत टाकीन!" सारंगगडच्या रणधवल राजाने भिवबा सुताराला हुकूम सोडला.

झालं होतं असं. दरबारात चोपदार, फौजदार, किल्लेदार अशी नावं ओळीने पुकारली गेली आणि राजा भडकला. "नावाला दार लावता आणि येता मोकळे? ज्याच्या नावात दार, त्याच्या पाठीवर दार!"

गावात नुसता गोंधळ उडाला! चोपदार पाठीला फळी बांधून निघाला, तो दरबाराच्या चौकटीतच अडकला. फौजदार चोरामागे धावला, तर वाऱ्याने त्याला उलटंच नेलं. दुकानदाराने घराचं दार उपटून पाठीला बांधलं आणि घरात शेळ्या शिरल्या!

आठ दिवसांत भिवबाची दारं झाली फक्त पाच. लाकूड संपलं. तो डोक्याला हात लावून बसला.

त्याची मुलगी ठकू म्हणाली, "आबा, पाच पुरेत!" आणि गाडी जुंपून थेट दरबारात गेली.

"बाकीची कुठे आहेत?" राजा ओरडला.

"आधी आपली घ्या, महाराज! भाट रोज म्हणतो, महाराज दिलदार, रुबाबदार, अब्रूदार, समजूतदार, वजनदार! मोजून पाच."

"मी? मी दारं वाहू?"

"नको असतील तर दवंडी पिटू या. आमचे महाराज दिलदार नाहीत, समजूतदार तर मुळीच नाहीत!"

राजा इरेला पेटला. "बांधा!"

चौथ्या दारापर्यंत तो कसाबसा उभा राहिला. पाचवं चढलं आणि महाराज धाडकन पालथे! दारांखालून फक्त मुकुट आणि हातपाय दिसत होते.

"अगं पोरी," खालून आवाज आला, "मग हे दार शब्दात करतंय तरी काय?"

ठकू खाली वाकली. "महाराज, ते लाकडाचं दार नव्हेच! तो शब्दाच्या मागे लागणारा प्रत्यय. 'जवळ असलेला' एवढंच तो सांगतो. दुकान असलेला दुकानदार. चव असलेली भाजी चवदार. भाजी कधी पाठीवर दार घेऊन ताटात आली का?"

खालून खुसखुस ऐकू आली. "म्हणजे धार असलेली सुरी..."

"धारदार!"

"आणि टोक असलेला खिळा टोकदार! एक टोचतोय मला!"

राजा असा खदखदून हसला की पाचही दारं खडखडली. शिपायांनी त्याला उचलून उभं केलं. हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला, सगळ्यांच्या पाठी मोकळ्या झाल्या.

डोळे पुसत राजा म्हणाला, "ठकू, नदीकाठची दोन बिघे जमीन तुला इनाम! आता सांग, तू कोण झालीस? इनामदार?"

"नाही, महाराज."

"नाही? का गं?"

"मी बाई आहे. आणखी एक प्रत्यय लावा. इनामदारीण!"

राजाने पुन्हा पोट धरलं. "दोन प्रत्यय? मग जमीनही दुप्पट!"