कुंभारवाड्याचं छत

चपला इथंच काढा, पाहुणेहो, आणि आत आलात की आधी वर बघा. दिसलं ना आभाळ? सकाळपासून तुम्ही आमच्या खिजरापुरात घुमटच घुमट पाहिलेत, माना अवघडल्या असतील. इथं मात्र घुमटाच्या जागी हे एवढं गोल भोक आहे. हिला उघडी मशीद म्हणतात. पडकी तेवढी म्हणू नका, मला राग येतो. हिचा घुमट कधी पडला नाही, कारण तो कधी चढलाच नाही.

मी भागुजी म्हेत्रे, तलावाच्या बांधाखाली जो कुंभारवाडा आहे तिथला. मशिदीची गोष्ट कुंभार का सांगतोय, असं तुमच्या मनात आलं असेल. ऐका, म्हणजे कळेल.

बादशाही अमलात ही मशीद याकूत नावाच्या हबशी उस्तादांनी बांधायला घेतली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या हाताखाली घुमट उभारले होते. हा पहिलाच त्यांचा स्वतःचा, आणि बहुधा शेवटचाही, कारण दोन्ही डोळ्यांत फूल पडत चाललं होतं. म्हातारा घाईला आला होता. नजर जायच्या आत आपला घुमट एकदा पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती म्हणे. भिंती झाल्या, गच्ची झाली, घुमटाचे दगडही घडवून या अंगणात रांगेनं मांडून झाले. पाऊस सरला की चढवायचे, असं ठरलं होतं.

पण भादव्यात तलाव काठोकाठ भरला आणि ऐन दुपारी बांध एका जागी खचला. खाली आमचा वाडा, पोरंबाळं, भट्ट्या, सगळा संसार. पळायची वाट एकच, ती ओढ्यातून, आणि ओढा दुथडी भरून चाललेला. आमच्या लोकांनी माती टाकली, गोणी टाकल्या, मडकी टाकली. पाणी सगळं गिळत गेलं. तिथं जड दगडच हवे होते, आणि ते हाकेच्या अंतरावर या अंगणात पडलेले होते. पण बादशहाच्या मशिदीचे दगड मागणार कोण? आमचा म्होरक्या सटवाजी अंगणाच्या दारापर्यंत आला आणि मान खाली घालून उभा राहिला, असं सांगतात.

उस्तादांना त्याचा चेहरा दिसला नसेल, पण बायकांचा आकांत ऐकू येत होता. ते चाचपडत रांगेपाशी गेले आणि पहिल्या दगडावर हात ठेवून म्हणाले, "उचला."

त्यांचा कारागीर हाशम रडायलाच लागला. "उस्ताद, परत घडवायला तुमचे डोळे कुठून आणू?"

"दगड मी घडवले, म्हणून मला देता येतात," उस्ताद म्हणाले. "खालची माणसं मी घडवलेली नाहीत. उचल."

मग गवंडी आणि कुंभार एकाच रांगेत उभे राहिले. हातोहात दगड गेले आणि दिवस मावळायच्या आत बांधाचं तोंड बुजलं. वाड्यातलं एकही माणूस गेलं नाही. अंगणात मात्र दगडाची कपचीसुद्धा उरली नाही, आणि पाऊस सरेपर्यंत उस्तादांची नजरही गेली.

पुढं बादशहा आला. त्यानं घुमटाच्या जागी आभाळ पाहिलं. सटवाजीनं त्याला बांधावर नेऊन दगड दाखवले.  ते पाहून बादशहा म्हणाला, दुसरा उस्ताद बोलावतो, नवा घुमट चढवू. त्यावर आमचा सटवाजी जे बोलला ते वाड्यातल्या पोराटोरांनाही पाठ आहे. "खाविंद, उस्तादांच्या जागी दुसऱ्याच्या हातचं काम नको. हितलं छत आता आमच्याकडं लागलं."

लोक हसले म्हणे. कुंभार काय छत घालणार?

पुढच्या पावसाळ्यात जुम्म्याला सरी कोसळायला लागल्या, तशी आमची माणसं गाढवांवरच्या गोणी उसवून शिवलेला भलामोठा पडदा घेऊन गच्चीवर चढली. भोकाभोवती उभी राहिली आणि नमाज संपेपर्यंत तो पडदा ताणून धरला. खाली थेंब पडला नाही. नमाजानंतर उस्ताद जिना चढून वर गेले. त्यांना कुणी हात धरायची गरज नव्हती, पायरी न् पायरी त्यांचीच होती. पडद्याच्या कडेकडेनं त्यांनी हात फिरवला. मधे पाणी साचून कापड खाली लोंबत होतं.

"पोट सुटलंय याचं," ते म्हणाले, "जरा ताणा." आणि तिथंच बसून पोटभर रडले. त्यांचा घुमट त्यांना मिळाला होता, असं आमची जुनी माणसं सांगतात. माझाही त्यावर विश्वास आहे.

तुम्ही विचारणार, दोरीनं बांधून का टाकत नाही? सगळेच विचारतात. मागं एका भल्या माणसानं पत्र्यांची छपरी देऊ केली. पत्रे दारात येऊनही पडले. तेव्हा मशिदीच्या बुजुर्गांनी आधी वाड्यात येऊन विचारलं. आमची अनसाआत्या चाकावरून उठली आणि म्हणाली, "बसवा की. पर मग पावसात आमी जायाचं कुठं, तेवढं सांगा." बुजुर्ग परत गेले. दुसऱ्या दिवशी पत्रेही गेले.

आजही पावसाळ्यात जुम्म्याला या मशिदीत एकही माणूस भिजत नाही. वर गच्चीवर आमचा कुंभारवाडा भिजतो, आणि पडद्याची कड धरायची जागा मला हवी म्हणून आमच्यात दरवर्षी भांडणं होतात.