अभयपत्राचं दुसरं पान

डोंगरापलीकडे एक जंगल होतं. तिथं एक सिंह राज्य करायचा आणि त्याला प्रजेची फार काळजी. इतकी, की त्यानं फर्मानच काढलं: ज्याच्याकडे गाडा आहे, त्यानं अभयपत्र घेतलंच पाहिजे. उद्या गाड्याला काही झालं, तर अभयपत्र देणारा धावून येईल. कुणाचं घ्यायचं, याचं मात्र ज्याला-त्याला पूर्ण स्वातंत्र्य. एक लांडग्याचं होतं, एक तरसाचं.

साळूबाई साळिंदरीकडे एक गाडा होता. बोरं वेचायची, गाड्यात भरायची, आठवडी बाजारात नेऊन विकायची. नवरा वणव्यात गेला, त्यानंतर तिची तीन पिल्लं त्या गाड्यावरच वाढली. तेव्हा अभयपत्र नीट पारखूनच घ्यायचं, असं तिनं ठरवलं आणि वडाखालच्या सभेला गेली.

सभेत अभयपत्रं वाचून दाखवायचे राघोपंत पोपट. सरकारी वाचक, आवाज खणखणीत. त्या जंगलाची एक जुनी रीत होती: टाळ्या पडल्या की वाचन थांबवायचं. टाळ्यांनंतरही वाचत राहणं म्हणजे श्रोत्यांचा अपमान. त्यामुळे शहाणी मंडळी पहिल्या पानाचा शेवट मोठा झकास लिहीत.

“...तुमचा गाडा, तो आमचा गाडा! तुमचं चाक मोडलं, तर आमचं काळीज मोडेल!” राघोपंत गरजले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कागद मिटला. मग तरसाचं अभयपत्र निघालं. त्यात काळजाऐवजी आतडं तुटत होतं. पुन्हा टाळ्या.

आता निवडायचं कसं? साळूबाईला वाचता येत नव्हतं; तिनं दोन्ही कागद हातात घेऊन वजन पाहिलं, रंग पाहिला. लांडगा गाड्याला पितळी घंटा फुकट देत होता. तिनं लांडग्याचं घेतलं. शेजारच्या सुकड्या सशाला तरसाकडून कॅलेंडर मिळालं. त्यावर तरस हसताना छापला होता.

पुढच्याच महिन्यात राजाची मिरवणूक निघाली. साळूबाईनं गाडा रस्त्याकडेला अदबीनं उभा केला होता. सरकारी हत्ती फुलं झेलत झेलत आला आणि गाड्यावरून गेला. चाकं मोडली, साटा मोडला, बोरांचा चिखल झाला. घंटा तेवढी वाचली. साळूबाई तिथंच मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी डोळे पुसून ती लांडग्याकडे गेली.

“लांडगेसाहेब, काळीज मोडलं का?”

“मोडलं ना बाई!” लांडगा म्हणाला. “तुमच्या गाड्याचं कुसळ महाराजांच्या हत्तीच्या पायात गेलं. सगळा औषधोपचार आम्ही केला. एक शब्द बोललो नाही.”

“आणि माझा गाडा?”

“दुसरं पान बघा. तुमच्या गाड्यानं दुसऱ्याचं काही बिघडवलं, तर आम्ही भरून देतो. तुमचंच बिघडलं, तर ते तुमचं. शिवाय मिरवणुकीतली पावलं ही दैवी आपत्ती.”

साळूबाईच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. ती तडक सुकड्याकडे गेली. दोघांनी दोन्ही दुसरी पानं शेजारी शेजारी ठेवली. शब्द तेच, ओळी त्याच, दोन्हींवर अक्षरही एकाच कोल्ह्याचं.

“म्हणजे आपण निवडलं काय?” सुकड्यानं विचारलं.

“मी घंटा निवडली, तू कॅलेंडर,” साळूबाई म्हणाली. “आता पुढच्या सभेत दुसरं पान वाचायलाच लावते. बघतेच कशा टाळ्या पडतात ते.”

गाडा नव्हता, म्हणून बाजार नव्हता, म्हणून बोरं पडून होती. ती तिनं पाठीवरच्या काट्यांना टोचली आणि सभेला निघाली. राघोपंत वाचायला लागले तशी ती रांगेरांगेतून फिरली. “घ्या हो, गोड आहेत. दोन्ही हातांनी घ्या!” फुकटचं म्हटल्यावर कोण सोडतंय! पहिलं पान संपलं तेव्हा सगळ्यांचे दोन्ही पंजे बोरांनी भरलेले होते. टाळी काही पडेना.

राघोपंत थांबले. पाणी प्यायले. लांडग्याकडे पाहिलं. रीत ती रीत. त्यांनी जन्मात पहिल्यांदा पान उलटलं.

वाचत गेले तशी सभा गार पडत गेली. मिरवणूक वगळून, पूर वगळून, वणवा वगळून. शेवटची ओळ होती: “हे पान ज्यानं ऐकलं, त्याला हे अभयपत्र लागू नाही.”

आठ दिवस जंगल खवळलं होतं. मग राजानं सुधारणा जाहीर केल्या. सभेत बोरं वाटणं ही लाच ठरली. साळूबाईच्या पाठीवरून मालाची ने-आण होते, तेव्हा पाठ हाही गाडाच, असं ठरलं आणि पाठीसाठी तिला नवीन अभयपत्र घ्यावं लागलं. शिवाय निवडणूकही जाहीर झाली, आणि लांडगा आणि तरस जनतेच्या आग्रहाखातर एकाच पक्षातून उभे राहिले.

त्यांचा जाहीरनामा एकाच पानाचा होता. दुसरं पान निकालानंतर मिळेल, असं त्याच्या शेवटी ठळक अक्षरांत छापलं होतं. इतका प्रामाणिक पक्ष जंगलानं कधी पाहिला नव्हता. साळूबाई सोडून सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.