चुकीच्या काठावरचं चाटण

एका नदीच्या अल्याड एक जंगल होतं आणि पल्याड दुसरं. अल्याडच्या जंगलात तरसराव महाराजांचं राज्य होतं. त्यांना लोकांनी निवडून दिलं होतं, कारण दुसरा उमेदवार महाराजांनी खाल्ला होता.

तापावर एकच औषध चाले, मधाचं चाटण. ते मधमाश्या करत. पण हक्क अस्वलशेठचा होता, कारण पोळ्यावर पहिला पंजा त्यांचा उमटला होता. शेठ तेच चाटण दोन्ही काठांवर विकत. पल्याड डब्याला ओंजळभर मोहफुलं, अल्याड पोतंभर.

"असं का हो शेठ?" चिमाक्का सांबरिणीने विचारलं. तिचं पाडस तापाने फणफणलं होतं.

"पल्याडचे गरीब आहेत, अक्का."

"आणि आम्ही?"

"तुम्ही स्वाभिमानी!"

चिमाक्काकडे पोतं नव्हतं. तिने बुडकोबा पाणकावळ्याला गाठलं. तो पल्याड उडाला, ओंजळभर फुलं देऊन डबा घेऊन आला. पाडसाने चाटण चाटलं आणि दोन दिवसांत ते उड्या मारू लागलं. मग बुडकोबा सगळ्यांनाच डबे आणून देऊ लागला.

शेठ दरबारात धावले.

"डबा नकली आहे?" महाराजांनी विचारलं.

"छे! माझाच आहे. शिक्का माझा."

"भेसळ?"

"तोंड सांभाळून बोला, महाराज. शुद्ध मध आहे."

"मग तक्रार काय?"

"तो चुकीच्या काठावर आहे."

बुडकोबा पुढे झाला. "महाराज, शेठनी डबा विकला, फुलं घेतली. आता तो माझा. मी कुठंही नेईन."

"डबा विकला," शेठ म्हणाले. "त्याचं फिरणं विकलं नव्हतं."

दरबार गहिवरला. एवढी खोल गोष्ट तिथे पूर्वी कुणी बोललं नव्हतं. महाराजांनी फर्मान काढलं की नदी ओलांडताच असली माल नकली होतो. बुडकोबाचे पंख बांधले. राहता राहिलं पाडस. ते नकली औषधाने बरं झालं होतं, म्हणजे त्याचं बरं होणंही नकलीच.

"अधिकृत डबा घेईपर्यंत त्याने आजारी राहावं," असा हुकूम सुटला.

"पण ते हुंदडतंय, महाराज!" चिमाक्का म्हणाली.

"तोच तर पुरावा!"

दोन लांडगे दारात बसले. पाडस उठलं की ते त्याला निजवत आणि विव्हळायला सांगत. पुढे पल्याडून वाऱ्यावर मधाचा वास येऊ लागला, तेव्हा नदीकडे तोंड करून श्वास घ्यायला बंदी झाली. निवडणूक जवळ आली होती. माकडं झाडाझाडावरून ओरडू लागली, "आपला ताप, आपलं चाटण!" ज्यांना ताप होता तेही ओरडले. ओरडून त्यांचा ताप वाढला.

रोज पाडसाला विव्हळताना पाहून चिमाक्काला मात्र भीती वाटू लागली, कारण आता ते कुणी न सांगताही विव्हळू लागलं होतं. एका दुपारी लांडगे सभेला टाळ्या वाजवायला गेले. तिने बुडकोबाचे पंख सोडले, पाडसाला पुढे घातलं आणि नदीत उडी घेतली. सांबरं पोहण्यात पटाईत. दोघं पल्याड पोहोचली. डोक्यावरून बुडकोबा गेला.

ते पाहून तापाचे सगळेच रोगी निघाले. ज्यांना पोहता आलं ते पोहोचले. ज्यांना नाही आलं, ते नदीने नेले.

शेवटच्या सभेत तरसरावांनी छाती फुगवून जाहीर केलं, "आमच्या राज्यात आज तापाचा एकही रोगी नाही!"

आकडा खरा होता, त्यामुळे विरोधकांना काय बोलावं ते सुचेना.