दांडा कशाला धरून आहे

घाटमाथ्यावरच्या एका गावात ईश्वरा वस्तादांचा गाड्यांच्या कामाचा कारखाना होता. एकदा पारिस शेठ नावाचे गुळाचे व्यापारी मोठ्या उत्साहाने तिथे आले. त्यांनी कॅरव्हॅन घेतली होती. झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेले चाकांवरचे घरच ते. आपल्या व्हॅनमागे ती जोडून सारे कुटुंब समुद्रकिनारी न्यायचे होते. त्यासाठी व्हॅनला मागे ओढदांडा हवा होता.

वस्तादांनी ते काम आपला शिष्य सुकुमार याच्यावर सोपवले. त्याने एकट्याने केलेले हे पहिलेच काम. त्याने जाडजूड पोलाद आणले, मन लावून दांडा घडवला आणि व्हॅनच्या तळाला बोल्टांनी आवळला. व्हॅन एवढा भार ओढू शकते, हे आधीच तपासले होते. व्हॅनच्या मूळ कडीपासून कॅरव्हॅनपर्यंत सुरक्षेची साखळीही जोडली. दांडा इतका भक्कम दिसत होता, की शेठ स्वतः त्यावर उभे राहून हसले.

निघायच्या सकाळी कॅरव्हॅन सामानाने भरली. मंडळी व्हॅनमध्ये बसली, मुलांचा गलका सुरू झाला. सुकुमारचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. एवढ्यात वस्ताद आले आणि त्यांनी सगळ्यांना खाली उतरायला सांगितले. माणसांच्या जागी वाळूची पोती ठेवली, स्वतः स्टिअरिंग हाती घेतले आणि गाडी कारखान्यामागच्या खडकाळ चढावर घातली. खड्डा दिसला, की मुद्दाम त्यातूनच जायचे. मध्येच थांबायचे, हिसका देऊन पुन्हा निघायचे. नव्या गाडीची ही दशा पाहून शेठ संतापले. सुकुमारला तर रडू यायचेच बाकी होते.

चढाच्या मध्यावर कर्कश आवाज झाला. व्हॅनच्या तळाचा पत्रा टराटरा फाटला, दांडा निखळला आणि कॅरव्हॅन मागे घसरली. क्षणात साखळी ताणली गेली. तिनेच काय ते सगळे धरून ठेवले. शेठनी धाकट्या मुलीला घट्ट जवळ घेतले.

सुकुमार धावत गेला. दांडा जसाच्या तसा होता.

“वस्ताद, हा तर तुटलाच नाही,” तो गोंधळून म्हणाला.

“नाही तुटला. तू तो उत्तमच केलास,” वस्ताद शांतपणे म्हणाले. “पण तो ज्याला धरून होता, तो नुसता पत्रा. ओढ दांड्यापाशी थांबत नाही, बाळा, ती पुढे जाते. म्हणून त्याला चासीशी, गाडीच्या हाडाशी बांधायचे. आपल्या ताकदीचा फार अभिमान वाटू लागला, की ती कशाच्या आधारावर उभी आहे, हे पाहायचे राहून जाते.”

ठाऊक होते तर आधी का सांगितले नाही, असे सुकुमारने विचारले.

“ठाऊक नव्हते. शंका होती. आणि माझ्या शब्दावर तू काम बदलले असतेस, तर तुझा विश्वास माझ्यावर बसला असता, कामावर नाही. माणसे बसण्याआधी गाडीलाच विचारावे.”

दिवसभर खपून सुकुमारने फाटका पत्रा दुरुस्त केला आणि नव्या आधारांनी दांडा थेट चासीला जखडला. दुसऱ्या सकाळी, कोणी न सांगता, त्याने पोती भरली आणि गाडी स्वतः त्याच चढावरून, त्याच खड्ड्यांतून नेली. काही हलले नाही. मुलांनी टाळ्या पिटल्या. शेठनी त्याला हाताला धरून शेजारी बसवले. पहिला घाट तूही आमच्याबरोबर उतर, म्हणाले.

वळणामागून वळणे गेली. खाली झाडीपलीकडे समुद्राची निळी रेघ दिसली आणि व्हॅनमध्ये एकच जल्लोष झाला. सुकुमारही त्यांच्यासोबत समोर पाहत राहिला. मागे वळून पाहावेसे त्याला एकदाही वाटले नाही.