झोपेत ओतलेले पाणी

एकदा एका शागिर्दाने कुराणाच्या पानांवर सुरईभर पाणी ओतले, आणि तेही झोपेत. म्हणजे स्वप्नात. पाने जागच्या जागी कोरडी होती, सुरई भरलेली होती आणि शागिर्द आपल्या चटईवर घोरत होता. तरीही त्या पाण्याने सगळ्या गावात चिखल केला. तो कसा, तेच सांगायचे आहे.

शागिर्दाचे नाव इद्रिस. वय तिशीला टेकलेले. त्यातली अकरा वर्षे त्याने एका वृद्ध कातिबाजवळ काढली होती. कातिब म्हणजे हाताने ग्रंथ लिहिणारा; छापखाने यायच्या आधीचा तो काळ. दख्खनच्या त्या कसब्यात उस्तादांसारखे अक्षर दुसऱ्या कोणाचे नव्हते. एका धनवान सौदागराने नवी मशीद बांधली आणि तिच्यासाठी कुराणाची प्रत लिहायचे काम उस्तादांना दिले. कुराणाचे तीस भाग असतात, त्यांना पारे म्हणतात. त्यातले सव्वीस उस्तादांनी स्वतः लिहायला घेतले आणि चार इद्रिसच्या हाती दिले. इतका मोठा मान उस्तादांकडे आजवर कोणत्याही शागिर्दाला मिळाला नव्हता.

दुपारच्या नमाजानंतर घटकाभर आडवे व्हायची तिथे रीत होती. अशाच एका डुलकीत इद्रिसला ते स्वप्न पडले. उस्तादांची पाने वाळत पडली आहेत आणि तो सुरई उचलून त्यांच्यावर पाणी ओततो आहे. काजळीची शाई ओघळते आहे, अक्षरे वाहून चालली आहेत, आणि तो हसतो आहे. जाग आली तेव्हा त्याचे अंग घामाने भिजले होते. पाणी ओतले याहून आपण हसलो याचीच त्याला जास्त धास्ती वाटली.

वाईट स्वप्न पडले तर काय करायचे, हे त्यांच्यात लहान मुलांनाही पाठ असते. सैतानापासून अल्लाहचा आसरा मागायचा, डावीकडे तीनदा हलकेच थुंकल्यासारखे करायचे, कूस बदलायची आणि कोणाजवळ बोलायचे नाही. पहिल्या तीन गोष्टी इद्रिसने नीट केल्या. चौथी काही त्याला जमली नाही. पुस्तके बांधणारा कासम नेमका तेव्हाच चामड्याची गुंडाळी घेऊन आला, आणि मन हलके करावे म्हणून याने त्याला सगळे सांगून टाकले. कासम मनाचा वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत ते स्वप्न तिखटमीठ लावून सौदागराच्या ओसरीवर पोहोचले.

सौदागर घाबरला. श्रीमंत माणूस घाबरला की एकाएकी फार धार्मिक होतो, आणि त्याची झळ गरिबाला लागते. त्याने निरोप धाडला की ज्या हाताने अल्लाहचे शब्द बुडवले, त्या हाताचे एकही पान मशिदीत येणार नाही. इद्रिसने शुक्रवारी सर्वांसमोर तौबा करावी, म्हणजे पाप कबूल करून माफी मागावी. त्याचे चारही पारे धुऊन टाकावेत, ते उस्तादांनी लिहावेत, आणि पुढे जन्मभर त्याने कुराण लिहायला बोरू हाती धरू नये. हे मान्य नसेल तर सगळे काम दुसऱ्या गावच्या कातिबाकडे जाईल.

इद्रिसने निरोप्याला दारातच उत्तर दिले. "मी झोपलो होतो. झोपेची माफी मी मागणार नाही."

हेच त्याने विहिरीवर सांगितले, हेच बाजारात सांगितले, आणि जे विचारायलाही आले नव्हते त्यांनाही थांबवून सांगितले. शेजाऱ्यांनी परोपरीने समजावले, की बाबा रे, दोन शब्द बोलून मोकळा हो, त्यात तुझे काय जाते? माझे खरे जाते, असे तो म्हणे. पाण्यात राहून माशाशी कशाला वैर, असे म्हातारे पुटपुटत, तर हा आणखीच ताठ होई. उस्ताद मात्र या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत. ते रोजच्यासारखे वजू करून, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन शुद्ध होऊन बसत, लिहीत, आणि संध्याकाळी शाईची दौत झाकून घरी जात.

इद्रिसचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते, यात शंका नको. पण बरोबर असलेले म्हणणे इतक्या मोठ्याने सांगावे लागत नाही. त्याच्या आवाजात जो ताठा होता, त्याचे मूळ दुसरीकडे होते, आणि ते आता वाचकांना सांगितलेच पाहिजे.

उस्तादांची पाने लिहून झाली की त्यांच्याभोवती सोनेरी चौकट आखायचे काम इद्रिसकडे असे. चौकट आखली की पान पक्के झाले, अशी त्या धंद्यातली रीत. स्वप्न पडायच्या तीन दिवस आधी तो अशीच पाने आखत होता. आखता आखता वाचत होता, आणि एका पानावर येऊन थबकला. तिथे लागोपाठच्या दोन आयती, म्हणजे कुराणातली वचने, एकाच शब्दावर संपत होत्या. उस्तादांची नजर पहिल्या शब्दावरून उठली ती थेट दुसऱ्यावर जाऊन बसली, आणि दुसरी अख्खी आयत सुटली. म्हाताऱ्या डोळ्यांची चूक. इद्रिसने ती पाहिली आणि तो गप्प बसला.

त्याच क्षणी उठून सांगायला हवे होते. पण पुढच्या आठवड्यात सगळे कुराण तोंडपाठ असलेले हाफिजसाहेब सौदागरासमोर प्रत तपासायला येणार होते. सापडू दे त्यांनाच, असे इद्रिसच्या मनात आले. कळू दे गावाला, की कोणाचे डोळे थकले आणि आता बोरू कोणी सांभाळायला हवा. एवढा विचार त्याने केला, आणि तो आपण केलाच नाही असे स्वतःलाच भासवले. चौकट मात्र त्याला आखवली नाही. ते पान त्याने गठ्ठ्याच्या तळाशी सरकवून दिले.

शुक्रवारी नमाज झाल्यावर मंडळी मशिदीच्या अंगणात बसली. सौदागर पुढे, शेजारी हाफिजसाहेब, मागे गाव. सौदागराने आपल्या अटी पुन्हा ऐकवल्या. इद्रिस उभा राहिला, त्याने नाही म्हणून सांगितले आणि तो उभाच राहिला. कुजबुज वाढू लागली, तेव्हा उस्तादांनी एक तसराळे आणि तांब्याभर पाणी मागवले.

सर्वांना वाटले, म्हाताऱ्याला तहान लागली. उस्तादांनी बस्त्यातून एक पान काढले, ते उंच धरून अक्षर आपलेच आहे हे लोकांना दाखवले, मग पान तसराळ्यावर आडवे धरले आणि त्यावर पाणी ओतले. शाई सुटली. त्यांनी अंगठ्याने पान चोळले, आणि ज्या अक्षरांसाठी दूरदूरची माणसे त्यांच्या दारी येत, ती अक्षरे काळे पाणी होऊन तसराळ्यात उतरली. मागे कोणीतरी कानांवर हात ठेवले. सौदागर ताडकन उभा राहिला.

उस्ताद म्हणाले, "हे मी केलं. जागेपणी, शुद्धीत, तुमच्या डोळ्यांदेखत. आता मला काय शिक्षा ठरवता?"

सौदागराने खालच्या आवाजात विचारले, "उस्ताद, पण तुम्ही असं केलंत का?"

"का, ते मला विचारलंत. या पोराला का नाही विचारलं?" उस्तादांनी ओले पान गुडघ्यावर पसरले. "या पानावर माझ्या हातून एक आयत सुटली होती. चुकलेलं पान कातिब धुतो आणि ते पाणी झाडाच्या मुळाशी घालतो. माझी नियत कळली, आणि मघाशी तुम्हाला पाप वाटलं ते आता वाटत नाही. साहेब, कृतीचं वजन मनातल्या हेतूवर ठरतं. झोपलेल्या माणसाला कुठली नियत? तो जागा होईपर्यंत त्याच्यावरची लेखणी उचललेली असते, असं आपल्या रसूलांनी, पैगंबरांनी शिकवलं आहे. खांद्यावर बसून आपली करणी लिहिणारे फरिश्ते अशा वेळी लिहायचं थांबतात. जिथं त्यांनी हात आवरला, तिथं लिहायला बसणारे तुम्ही कोण? काम दुसऱ्याला द्यायचं तर खुशाल द्या. माझा शागिर्द स्वप्नाची तौबा करणार नाही. त्याने करतो म्हटलं तरी मी करू देणार नाही."

हाफिजसाहेबांनी मान डोलावली. मागची कुजबुज थांबली. इद्रिस जिंकला होता. अकरा वर्षांत उस्तादांनी त्याची बाजू घेऊन इतके बोलल्याचे त्याला आठवत नव्हते. पण त्याची नजर गुडघ्यावरच्या पानाकडे गेली, आणि त्या पानाला चौकट नव्हती.

उस्तादांना ठाऊक होते. केव्हापासून, कोण जाणे, पण ठाऊक होते, आणि तरीही ते त्याच्यासाठी सगळ्या गावाशी भांडले. इद्रिसला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मला बोलायचं आहे," तो म्हणाला. "स्वप्नाची तौबा मी आजही करत नाही आणि मरेपर्यंत करणार नाही. पण या पानावर आयत सुटली आहे, हे मला स्वप्नाच्या तीन दिवस आधीपासून माहीत होतं. मी सांगितलं नाही. उस्तादांची चूक चारचौघांत निघावी, म्हणून सांगितलं नाही. तेव्हा मी टक्क जागा होतो. त्याची तौबा करतो, आणि उस्ताद, तुमची माफी मागतो."

सौदागराला जोर चढला. म्हणजे पोराच्या मनात खोट होतीच, स्वप्न उगीच पडले नाही, असे तो म्हणू लागला. उस्तादांनी त्याला हाताने थांबवले. ते म्हणाले, की तुम्ही जी तौबा मागत होता ती ही नव्हे. हिची तर तुम्हाला खबरही नव्हती. मग ते इद्रिसकडे वळले.

"चौकट का आखली नाहीस? आखली असतीस तर मी ते पान पुन्हा पाहिलंही नसतं."

"हात उचलला नाही, उस्ताद."

"गठ्ठ्यात तेवढं एकच पान बिनचौकटीचं दिसलं, म्हणून मी वाचलं. जीभ गप्प बसली, पण हाताने सांगितलं." त्यांनी खिशातून आपला बोरू काढून त्याच्यापुढे धरला. "वाळलं की घोटून गुळगुळीत करून घे आणि हे पान तूच लिही. सुटलेली आयत धरून."

इद्रिसने बोरू घेतला. मग तसराळे दोन्ही हातांनी उचलून तो अंगणातल्या डाळिंबाकडे गेला, आणि थेंबही इकडेतिकडे न सांडता त्याने ते काळे पाणी मुळाशी ओतले. या वेळी तो हसत नव्हता. मग सौदागराने विचारले, की प्रत ईदपर्यंत पुरी होईल ना?

झोपेतल्या करणीचा कोणी जाब विचारला, तर खुशाल मान ताठ ठेवून नाही म्हणावे. फक्त आपला आवाज उगीच चढला आहे असे जाणवले, तर जागेपणी आपण कोणते पान तळाशी सरकवले आहे, ते एकदा पाहून यावे.