ठकूचं खिंडार

उंबरसड्यावर, डोंगरमाथ्याच्या त्या पठारावर, गाडी चढली की आधी पवनचक्क्या दिसतात, आणि मग खिंडीच्या तोंडावरची एक बिनचुन्याची दगडी भिंत. पुरुषभर उंच, दोन्ही टोकांनी डोंगरात घुसलेली आणि बरोबर मध्ये उघडी. एका बाईने हात पसरले तर बोटं दोन्ही कडांना लागतील, एवढीच ती जागा आहे. तिला ठकूचं खिंडार म्हणतात. तिथे वारा असा घुसतो, की आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन गाडीतच बसून राहावं असं मला वाटत होतं.

"ताई, उतरा की. वारा काय पोर पळवत न्हाई," तातोबा शेलार म्हणाले. तातोबा पूर्वी इथल्या पवनचक्क्यांवर राखणदार होते. आता आल्यागेल्याला सडा दाखवतात, आणि त्यांची बायको खिंडाराशेजारी चहाची टपरी चालवते.

मी लेकीच्या टोपड्याची गाठ आणखी घट्ट केली आणि उतरले.

समीर, माझा नवरा, वर बघत होता. "एवढी मोठी चक्की, आणि पाती फक्त तीन? मधला सगळा वारा फुकट जातोय की."

एका दगडावरची धूळ झटकून तातोबा बसले आणि त्यांनी ठकूची गोष्ट सांगितली.

फार पूर्वी म्हणे इथे भिंत नव्हती. खिंड उघडी होती, आणि डोंगराच्या कुशीतल्या वाडीला जो काय वारा मिळायचा तो या एवढ्या तोंडातून. वाडीत ठकू नावाची बाई होती. तिची दोन मुलं पाळण्यातच गेली. वाडीने सांगितलं, वारं लागलं. तिसरी लेक झाली, रंगू, तेव्हा ठकू वाघजाईपुढे नवस बोलली: पोर चालायला लागेपर्यंत तिला वारा शिवू देणार नाही.

नवरा मिठासाठी कोकणात उतरलेला. ठकूने लेकीला सासूपाशी झोपडीत ठेवलं, दारावर घोंगडी टाकली आणि खिंडीत दगड रचायला लागली.

"ठके, वाऱ्याला उंबऱ्याबाहेर बसवतीस व्हय गं?" बायका हसायच्या. पण भिंत कमरेला आली तशी वाडीतली थंडी कमी झाली, आणि हसणाऱ्या बायकाच दगड आणून देऊ लागल्या. दिवाळीपर्यंत खिंड बुजली.

मग नाचणी खळ्यावर आली. मळून झाली. तिवईवर उभं राहून सूप उंच धरायचं, हळूहळू ओतायचं; वाऱ्याने भूस लांब जातं, दाणा पायाशी पडतो. त्या साली भूस जाईना. सूप ओतलं की दाणा आणि भूस एकाच ढिगात. तशात आभाळ भरून यायला लागलं. भिजला तर दाणा खळ्यातच मोड काढणार, आणि वाडीने वर्षभर खायचं काय?

पाटील म्हणाला, "भिंत पाड."

"दाण्यापायी लेक देऊ?" ठकू म्हणाली.

पण लेकही बरी नव्हती. घोंगडीआड, चुलीच्या धुरात रंगूला धाप लागली होती. सासू म्हणाली, वारं लागलं. ठकूला काही कळेना. वारा तर तिने बंद केला होता, मग लागलं काय? पाडावी तर नवस मोडतो, ठेवावी तर पोर घुसमटते. असं सांगतात की तीन दिवस ती सकाळी भिंतीतला एक दगड काढायची आणि संध्याकाळी परत लावायची. (हे ऐकताना समीरने माझ्याकडे बघितलं. गेल्या आठवड्यात लेकीला ताप होता तेव्हा मी पंखा किती वेळा लावला आणि बंद केला, हे त्याने मोजलेलं असावं.)

चौथ्या दिवशी रंगूचे ओठ निळे पडले. तेव्हा ठकू तिला घेऊन भिंतीपाशी गेली आणि मधले दगड ढकलू लागली. आपल्या दोन हातांएवढी जागा झाली आणि ती थांबली. तेवढीच का? तातोबा म्हणतात, सगळी पाडायचा धीर झाला नाही. त्यांची बायको टपरीतून म्हणाली, "हात दुखलं असतील तिचं."

सड्यावर अडलेला सगळा वारा त्या फटीत शिरला. ठकू वाऱ्याला पाठ देऊन, लेक छातीशी धरून मध्ये उभी राहिली. भिंतीच्या जागी आता आपण, असं तिच्या मनात असावं. पण सरळ उभी राहिली की वारा तिला पुढे लोटायचा. मग तिने अंग तिरकं केलं. थोडा वारा अंगावर घेतला, उरलेल्याला बाजूने जाऊ दिलं. मोठा झोत आला की ती अजून तिरकी व्हायची, अंग चोरायची. तिला वळसा घालून जो वारा पुढे आला, तो रंगूच्या तोंडावर गेला. रंगू शिंकली, आणि मोठ्याने रडली.

जागची न हलता ठकू वाडीकडे ओरडली, "सुपं घ्या!"

संध्याकाळी पाऊस आला तेव्हा दाणा कणगीत होता.

नवस मोडला की राहिला? वारा लेकीला शिवला, पण आधी आईला शिवून. वाघजाईला काय वाटलं असेल यावर वाडीत दोन पक्ष आहेत. खिंडीत जो आवाज येतो तो एकांना देवीचा राग वाटतो, दुसऱ्यांना तिचं हसू. मी कान देऊन ऐकलं. मला दोन्ही वाटलं.

"आता बगा वर," तातोबा समीरला म्हणाले. "चक्कीवाला साहेब सांगायचा, वारा पुरता अडवला तर त्यो येतच न्हाई, बाजूनं निघून जातो. घ्यायचा तेवढा घ्यायचा, बाकीच्याला वाट द्यायची. म्हणून पाती तीन, आणि तिरकी. वादळ आलं तर अंग चोरून उभी ऱ्हातात. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट न्हाई, आठपट. ह्ये काय मला पटलेलं न्हाई."

हे मी कॉलेजात शिकले होते. आठपट का, ते समीरने विचारू नये म्हणून मी घाईने म्हणाले, "रंगू जगली का?"

"जगली म्हंजे? घरजावई आणला तिला. वाडीतलं समदं घर तिच्याच पोटचं. मी बी."

आजही तान्ह्या लेकराची आई सड्यावर आली की भिंतीतला एक दगड काढते आणि एक लावते. म्हणून खिंडार वाढतही नाही, बुजतही नाही. तातोबा म्हणाले, आधी काढा. बायको टपरीतून म्हणाली, "आधी लावायचा असतो!" मी लेकीला कडेवर घेऊन, हातात एक दगड धरून खिंडारात उभी राहिले, आणि हा मी काढलेला की लावायला आणलेला, तेच विसरले. तेवढ्यात झोत आला. मी तिरकी झाले. लेक शिंकली, आणि हसली. टोपडं सुटून तिच्या पाठीशी माझ्या हातावर लोंबत होतं.

गाठ मी सोडली की वाऱ्याने, ते मला आजही सांगता येणार नाही.